बर्फ सारायची गाडी

आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चारशे मीटर खडीचा ड्राइव्हवे होता, आणि घर घेताना आईबाबा दोघंही त्याच्यावरच भाळले होते. ख्राइस्टचर्चमध्ये भूकंपांनंतर भाड्याची घरं बदलून बदलून आम्ही कंटाळलो होतो. तशात आईला डोंगराच्या पायथ्याशी एका छोट्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरची नोकरी मिळाली. गावात एक शाळा, एक पब, एक पेट्रोल पंप, कोपऱ्यावर वाणसामानाचं दुकान, ज्याला तिकडे डेअरी म्हणतात, आणि हा दवाखाना. दवाखान्यात नर्स दोन आणि डॉक्टर एकच, ती म्हणजे आई. आमचं घर गावाबाहेर, गाडीने दहा मिनिटांवर, एका उंचवट्यावर होतं. घरासमोरून ड्राइव्हवे थोडा सपाट जायचा, मॅक्रोकार्पाच्या जुन्या झाडांच्या रांगेला वळसा घालायचा आणि मग चांगल्या उतारावरून खाली फाटकापर्यंत पोचायचा. पुण्याच्या सोसायटीत गाडी लावायला जागा मिळावी म्हणून सेक्रेटरीच्या नाकदुऱ्या काढलेल्या माझ्या बाबांना, एवढा सगळा रस्ता आपल्या एकट्याचा, या कल्पनेनेच भरून आलं होतं. "सायली, बघ!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला फक्त एवढंच दिसलं की स्कूलबस फाटकाशी येणार आणि तिथपर्यंत मला रोज चालायला लागणार.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे छपरावरून धावणारे पॉसम नावाचे मांजराएवढे प्राणी, उन्हं आली की मॅगपाय पक्ष्यांची ती बाटलीतून पाणी ओतल्यासारखी शीळ, उन्हाळ्यात वायव्येकडून येणारा गरम वारा आणि त्याने खडखडणारे पत्रे. या सगळ्यावर मात करणारा आवाज म्हणजे आईच्या कुकरच्या शिट्ट्या. शेजारची हेदर पहिल्यांदा घरी आली तेव्हा शिट्टी झाल्याबरोबर खुर्चीतून उठून दारापर्यंत गेली होती. हेदर साठीची होती, मेंढ्यांचं मोठं रान एकटी सांभाळायची आणि आमच्याकडे यायची ती चीज स्कोन्सचा, म्हणजे छोट्या खारट पावांचा, डबा घेऊन. जाताना त्याच डब्यात आई काहीतरी घालून द्यायची. थालीपिठाला हेदर 'स्पाइसी पाइकलेट', म्हणजे तिखट धिरडं, म्हणायची. शनिवारी ख्राइस्टचर्चला जाऊन आम्ही पोहे, साबुदाणा, ज्वारीचं पीठ भरून आणायचो, आणि हिवाळ्यात संध्याकाळी लाकडं जाळून घर तापवणाऱ्या बर्नरसमोर मांडी घालून मेतकूट-भात खायचो. आता मी ऑकलंडमध्ये न्यू लिनला राहते, पाच मिनिटांवर तीन भारतीय दुकानं आहेत, मेतकूट हवं तेव्हा मिळतं, आणि कसं कोण जाणे, तसं लागत नाही.

पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी पडदा सरकवला तर बाहेर सगळं पांढरं. मी ओरडतच अंगणात धावले. बाबांनी फोटो काढले, पुण्याला पाठवले. आई मात्र स्टेथोस्कोप गळ्यात घालून ओट्याशी उभी होती आणि चहा पिता पिता ड्राइव्हवेकडे बघत होती. तिची गाडी पंधरा फूट गेली आणि रुतली. मग फावडी शोधली. एक फावडं आणि एक कचऱ्याचं सुपडं निघालं. आम्ही तिघांनी साडेतीन तास बर्फ उपसला. तिकडचा बर्फ चित्रातल्यासारखा भुरभुरीत नसतो. ओला, जड, भिजलेल्या गोधडीसारखा असतो. आई दवाखान्यात पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दम्याचे एक म्हातारे आजोबा सकाळी आठपासून तिथे बसून होते आणि नर्सने कसंबसं निभावलं होतं. त्यांचं काही बिघडलं नाही, पण ते आईच्या मनातून जाईना. रात्री जेवताना तिने बाबांना एवढंच सांगितलं, "मला बाकी काही माहीत नाही. कितीही बर्फ पडू दे, मी अर्ध्या तासात फाटकाबाहेर पाहिजे. त्याचं काहीतरी कर."

बाबा सॉफ्टवेअरमधले. आठवड्यातून दोन दिवस शहरात ऑफिस आणि बाकीचे दिवस घरातून काम. प्रश्न दिला की त्यांच्या डोळ्यांत चमक यायची. त्यांनी एक एक्सेल शीट उघडली आणि तिला 'बर्फवाहन' असं नाव दिलं. हाताने ढकलायचं बर्फफेकी यंत्र, गवत कापायच्या बसक्या गाडीला पुढे लावायचं पातं, चार चाकांची क्वाड बाइक, पुढे लोखंडी पातं लावलेली जुनी जीप आणि ट्रॅक्टर, असे पाच उमेदवार होते. चालवायला सोपं किती, वळतं किती जागेत, ठेवायला जागा किती लागते, बायको आणि मुलगी चालवू शकतील का, असे अकरा निकष, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. आई म्हणायची, "माझ्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी झाली नव्हती." ट्रॅक्टर पाचवा आला. 'वजन' या निकषात त्याला दहापैकी शून्य होतं, कारण बाबांच्या मते वजन हा दोष होता. पहिली आली क्वाड बाइक. चपळ, आटोपशीर, लाल रंगाची. पुढच्या हिवाळ्याआधीच ती पुढच्या पात्यासकट आमच्या गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली.

दुसऱ्या हिवाळ्यातला पहिला बर्फ शनिवारी पडला. बाबांनी हेल्मेट घातलं, हातमोजे चढवले, मला व्हिडिओ काढायला सांगितलं. सपाटीवर क्वाड मस्त पळाली. बर्फ दोन्ही बाजूंना उडत होता आणि बाबा एक हात वर करून आम्हाला दाखवत होते. वळणापुढे मात्र बर्फाचा थर वाढला. पातं बर्फ ढकलण्याऐवजी त्याच्यावर चढायला लागलं, त्याबरोबर पुढची चाकंही चढली. उतारावर आल्यावर गाडी बाबांचं ऐकेनाशी झाली. ती तिरकी झाली, फिरली आणि अगदी सावकाश, लाज वाटेल इतक्या सावकाश, बाबांना घेऊन कडेच्या चरात जाऊन बसली. बाबा कमरेपर्यंत बर्फात. लागलं काहीच नाही, पण आई घरातून ज्या वेगाने धावत आली तो वेग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. हेदरने तिचा ट्रॅक्टर आणून क्वाड बाहेर ओढली, बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "छान खेळणं आहे. पण तुला वजन पाहिजे रे बाबा, वजन." त्या क्वाडने पुढे लाकडं वाहिली आणि उतारावर जायची तिला बंदी झाली. तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. बाबा दर दिवाळीत तो काढून टाक म्हणतात.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर साताऱ्याहून आण्णा आले. आण्णा म्हणजे आईचे वडील. आयुष्यभर त्यांनी बांधकाम खात्यात रोडरोलर चालवला होता. घाटातले कितीतरी रस्ते त्यांच्या रोलरखालून गेलेले. मुलीला डॉक्टर केली ती त्या रोलरच्या बैठकीवर बसून, आणि याचा त्यांना अभिमान होता, पण बोलून कधी दाखवायचे नाहीत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. आल्या दिवशीच, विमानाचा शीण अंगात असताना, धोतरावर बाबांचं जाड जॅकेट घालून ते ड्राइव्हवेवरून फाटकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "रस्ता मदी खोल झालाय," ते म्हणाले. "पाणी कडंला जायला पायजे, तर मदनं वाहतंय. कुणी केला हा?" मग त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन क्वाड पाहिली, तिचं पातं एका हाताने उचललं आणि जावयाकडे बघून अदबीने म्हणाले, "गाडी गोड हाय. पण ह्याला वजन कुठाय?" बाबांनी मान खाली घातली. हेदर आणि आण्णा एकमेकांना भेटलेसुद्धा नव्हते.

ट्रॅक्टरचा पत्ता हेदरनेच दिला. वीस किलोमीटरवर रॉस नावाचा एक म्हातारा शेतकरी शेत मुलाला देऊन गावात राहायला चालला होता, आणि त्याच्या शेडमध्ये एक जुना करडा ट्रॅक्टर होता, मागे लावायच्या लोखंडी पात्यासकट. बाबा, आण्णा आणि मी असे तिघं गेलो. मी दुभाषी. रॉस उंच, वाकलेला, अर्ध्या चड्डीत आणि गमबुटांत. त्याने बाबांना विचारलं, "तू काम काय करतोस?" बाबा म्हणाले, "सॉफ्टवेअर." रॉसचा चेहरा पडला. "हे बघ, गेल्या महिन्यात एक कॅफेवाली आली होती. तिला हा दारात उभा करून वर फुलांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. मी तिला चहासुद्धा दिला नाही." बाबांनी घाईघाईने सांगितलं की आम्हाला फुलं नकोत, बर्फ सारायचाय. रॉसने 'बघू' अशा अर्थी हुंकार दिला.

तोवर आण्णा शेडमध्ये पोचले होते. त्यांनी ट्रॅक्टरला एक चक्कर मारली, चाकं दाबून पाहिली, आणि मग इंजिनाच्या कुशीला तळहात लावून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. हात काढून ते मला म्हणाले, "आदी चालू करून गरम करून ठेवलाय की ह्यानं. सांग त्यास्नी, थंड हुदे. थंड असताना कसा उठतोय ते बघायचं हाय मला."

मी चौदा वर्षांची. कुणाच्या घरी जाऊन त्याला तू लबाडी केलीस असं सांगायचं म्हणजे मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी बाबांकडे पाहिलं, तर ते छताकडे बघत होते. शेवटी मी चाचरत इंग्रजीत म्हणाले, "माझे आजोबा म्हणतात, इंजिन गरम आहे. ते थंड होईपर्यंत आम्ही थांबलो तर चालेल का?"

रॉसने आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी रॉसकडे पाहिलं. मग त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की त्याचे उरलेसुरले दात सगळे दिसले. "पकडला मला!" तो म्हणाला. "सॅली, तुझ्या आजोबांना विचार, त्यांना चहात दूध किती लागतं."

तिकडच्या लोकांसाठी मी कायमची सॅली झाले ती तेव्हापासून. आम्ही अडीच तास त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. रॉसने लोणी लावलेला खजुराचा केक दिला. आण्णांनी तो चहात बुडवून खाल्ला, ते बघून रॉसनेही बुडवला. आण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक फोटो काढला. घाटाच्या वळणावर रोडरोलर, आणि वर डोक्याला टॉवेल बांधलेले तरुण आण्णा. रॉसने तो चष्मा लावून, मग काढून, मग खिडकीशी नेऊन पाहिला. "उतारावर याला थांबवायचे कसे?" त्याने विचारलं. मी भाषांतर करायच्या आधीच आण्णांनी त्याच्या हातवाऱ्यांवरून ओळखलं, आणि टेबलावरचा सॉसचा बुधला रोलर करून, सुरी उतार करून, सगळं करून दाखवलं. त्यानंतर त्यांना माझी गरज उरली नाही. मी आणि बाबा केक खात बसलो. पुढे मी दोन परिषदांत दुभाष्याचं काम केलं, मोठमोठ्या लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, पण इतक्या लवकर मला कुणी बिनकामाची ठरवलं नाही.

इंजिन थंड झाल्यावर आम्ही पुन्हा शेडमध्ये गेलो. रॉसने किल्ली आण्णांच्या हातात दिली. ट्रॅक्टर दोनदा कण्हला, तिसऱ्यांदा खोकला, काळा धूर सोडला आणि मग टक्‌टक्‌टक्‌ अशा ठाम लयीत चालू राहिला. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. "म्हातारा हाय, पण निरोगी हाय," ते म्हणाले. हे मी सांगितलं तेव्हा रॉसला वाटलं आण्णा त्याच्याबद्दलच बोलतायत, आणि तो खूश झाला. आईची फोनवरून एकच अट होती, की उलटला तर वाचवणारी चौकट आणि सीटबेल्ट असलाच पाहिजे. चौकट होती, बेल्ट नवा बसवायला लागला. त्या रात्री बाबांनी 'बर्फवाहन' उघडलं आणि 'वजन' या रकान्यातल्या शून्याच्या आधी एक टाकला. त्या एका आकड्याने ट्रॅक्टर पहिला आला. "शीटची चूक नव्हती," ते आईला म्हणाले. "माझी होती."

तिकडे उन्हाळा दिवाळीनंतर येतो, आणि तो सबंध उन्हाळा आण्णांनी ड्राइव्हवे दुरुस्त करण्यात घालवला. बर्फ सारायचं तेच पातं खडीही सपाट करतं. मधला खोलगटपणा भरून त्यांनी रस्त्याला पाठ काढली, दोन्ही कडांना पाणी जाईल असा हलका फुगवटा दिला. मी शाळेतून आले की माझा वर्ग सुरू. बर्फ नव्हता म्हणून आण्णांनी हेदरकडून ओला, सडका पेंढा आणून ड्राइव्हवेवर पसरला आणि तो मला सारायला लावला. डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात, ते आधी एकत्र अडकवायचे. उतारावर खालचा गिअर, आणि क्लचला पाय लावायचा नाही. पातं खडीच्या बोटभर वर ठेवायचं. पहिला बर्फ लांब सारायचा, कारण पुढचा कुठे टाकणार? आणि नजर सारखी पुढे-मागे, पुढे-मागे. "आनि घसरला तर?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "ब्रेक नाही, पातं." "का?" "कारण चाकं थांबली तरी ट्रॅक्टर थांबत नाही. पातं जमिनीत घुसलं की थांबतो." हे मला झोपेतसुद्धा म्हणता यायचं. बाबाही शिकले, पण ते प्रत्येक वळणाआधी थांबून विचार करायचे, आणि जुन्या ट्रॅक्टरला विचार करणारा माणूस आवडत नाही. त्याऐवजी बाबांनी दुसरं काम केलं. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना, दर दहा मीटरवर, बांबूच्या उंच काठ्या रोवल्या आणि टोकाला लाल पट्ट्या बांधल्या. चाकांसाठी साखळ्या आणल्या. बॅटरी चार्ज ठेवायची सोय केली. आण्णांनी काठ्यांची रांग पाहिली आणि म्हणाले, "जावईबापू, हे आमच्या खात्यालाबी सुचलं नाय कधी." बाबांना मिळालेली ती सगळ्यात मोठी पदवी असावी. मग आण्णांचा व्हिसा संपला आणि थंडी सुरू व्हायच्या आधी ते परत गेले. स्वतःच्या रस्त्यावर बर्फ पडलेला त्यांनी पाहिलाच नाही.

तो पडला तिसऱ्या हिवाळ्यात, आणि पडला तो असा की हेदरनेही तोंडात बोट घातलं. संध्याकाळपासून पडत होता. सकाळी सात वाजता बाहेर करडा उजेड होता आणि बर्फ माझ्या गुडघ्यापर्यंत. फोन वाजला. आई ऐकत होती आणि एका हाताने बूट चढवत होती. दुधाच्या गाईंच्या फार्मवर काम करणाऱ्या एका जोडप्यातली बायको दवाखान्यात पोचली होती. बाळंतपणाला तीन आठवडे अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या होत्या. शहराचा रस्ता बंद, ढगांमुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं, आणि बाळ पायाळू होतं. दोघी नर्सेस तिथे होत्या. आई नव्हती.

बाबा जॅकेट घालून तयार होते. ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्या हातात होती. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "सायली चालवेल," ते आईला म्हणाले. "तिचा हात बसलाय. मी पुढे चालतो." आईने एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. मी ट्रॅक्टरवर चढून बसल्यावर तिने माझ्या सीटबेल्टचं बक्कल स्वतःच्या हाताने ओढून पाहिलं. त्या वेळी मला ते साधं वाटलं होतं. आता माझीही मुलगी पहिली पावलं टाकते आहे, आणि त्या सकाळी बाबांनी हातातली किल्ली कशी दिली असेल, आईने ती कशी देऊ दिली असेल, ते मला थोडं थोडं कळायला लागलंय.

ट्रॅक्टर तिसऱ्या खोकल्याला उठला. बाबा पुढे, हातात एक काठी, बर्फात कमरेतून झुकून चाललेले. त्यांच्या मागे मी, आणि माझ्या मागे, पात्याने केलेल्या वाटेवरून, आई गाडीत. लाल पट्ट्यांच्या दोन रांगा नसत्या तर रस्ता कुठे आणि कुरण कुठे हे देवालाच ठाऊक. वळणाशी मॅक्रोकार्पाची एक जाडजूड फांदी बर्फाच्या भाराने मोडून आडवी पडली होती. मी थांबले. मागे गाडीचं दार वाजलं आणि आई डिकीतली साखळी घेऊन आली. दवाखान्याच्या कपड्यांत, गुडघाभर बर्फात वाकून तिने ती फांदीला अडकवली, बाबांनी दुसरं टोक ट्रॅक्टरला लावलं. "हळू," बाबा म्हणाले. "जोरात," आई म्हणाली. मी मधलं काहीतरी केलं आणि फांदी बाजूला झाली.

उतारावर घसरलेच. सुरुवातीला कळलं नाही. इंजिनाचा आवाज तोच होता, पण काठ्या जास्त वेगाने मागे जायला लागल्या. बाबा पुढे दहा पावलांवर, पाठमोरे. "बाबा, बाजूला!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की घसा दोन दिवस बसला होता. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, सरळ कडेच्या चरात उडी घेतली. माझा पाय ब्रेककडे गेला होता. तिथून तो मी कसा मागे घेतला मला सांगता येणार नाही. हाताने तरफ खाली ढकलली. मागे पातं आपटलं, बर्फ फाडून खडीत घुसलं, करकर असा भयंकर आवाज आला, आणि तो सगळा लोखंडाचा डोंगर एक हिसका देऊन थांबला. बाबांनी चरातून डोकं वर काढलं. टोपी, भुवया, मिशा, सगळं पांढरं. "मी ठीक आहे," ते म्हणाले. "ही जागा माझ्या ओळखीची आहे." मला हसू आलं आणि रडू आलं, आणि आईने मागून हॉर्न वाजवला.

फाटकाशी रस्ता साफ करणाऱ्या सरकारी गाडीने नेमका आमच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून ठेवला होता. तिथे मी ट्रॅक्टर वळवला आणि मागे घेत घेत पात्याने तो बांध ढकलला. एकदा, दोनदा, पाचव्यांदा मोकळा रस्ता दिसला. आईची गाडी माझ्या बाजूने पुढे गेली. तिने काच खाली केली नाही, हात केला नाही. नजर आधीच पुढच्या कामावर होती. नंतर आम्ही घड्याळ पाहिलं. सदतीस मिनिटं झाली होती. सात मिनिटं उशीर, असं बाबा म्हणाले, आणि मग आम्ही दोघं फाटकाशीच बर्फात बसून राहिलो.

आई परतली ती दुपारी चारला. तिने हात धुतले, बर्नरसमोर बसली आणि सांगितलं, "मुलगी झाली. अडीच किलो. आधी पाय आले, मग बाकीची बाईसाहेब." ढग उघडल्यावर हेलिकॉप्टरने मायलेकींना शहरात नेलं होतं, दोघी सुखरूप होत्या. मी पिठलं केलं होतं, त्यात गुठळ्या झाल्या होत्या. आईने दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं, बाळाचं ऐकून "बरं झालं, बरं झालं" म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "पात्यानं रस्ता किती खरवडलास?" मी म्हटलं, बराच. "असूदे," ते म्हणाले. "रस्ता पुन्ना करता येतुय."

रविवारी लख्ख ऊन पडलं. डोंगर इतके पांढरे की बघवत नव्हतं, पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं, हेदरच्या मेंढ्या कुठेतरी ओरडत होत्या. ड्राइव्हवे तोवर मी घासूनपुसून साफ केला होता. नाश्त्याच्या थालीपिठाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून आई उठली, बाबांचं जॅकेट घातलं आणि म्हणाली, "मला शिकव."

"काय?"

"ते. मला चालवायचाय." रोलर चालवणाऱ्याच्या मुलीला आजवर कुणी त्या बैठकीवर बसूच दिलं नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं. मुलीने अभ्यास करायचा, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. मी तिला ब्रेक एकत्र अडकवायला शिकवले, गिअर दाखवला, पात्याची तरफ दाखवली. ती लगेच शिकली. सारायला बर्फ उरलाच नव्हता, म्हणून तिने कडेचा ढीग ओढून रस्त्याच्या मधोमध आणला आणि मग तो पुन्हा कडेला नेला. मग दुसरा ढीग. बाबा चहाचे दोन कप हातात घेऊन पायरीवर उभे होते आणि दोन्हीही गार होत होते. "अगं, झालंय साफ!" ते ओरडले. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल. स्कार्फ मागे उडालेला, गाल लाल झालेले, आणि मान वळवून मागे बघत बघत माझी आई वळणापलीकडे गेली. काही वेळ नुसती टकटक ऐकू येत राहिली. मग ती फाटकाशी वळून परत वर आली, आमच्यासमोरून गेली, आणि जाता जाता ओरडली, "अजून एकदा!"